घाई नसलेला पियानोवाला

माझ्या आईला इंग्रजीचं अक्षर येत नाही. शेंदूरजनाघाटचं माहेर आणि अमरावतीचं सासर, यांच्या पलीकडचं जग तिनं फारसं पाहिलेलं नाही. तरी तिचा सगळ्यात आवडता कलावंत म्हणजे एक अमेरिकन जॅझ पियानोवादक. हे मी कोर्टात म्हटलं असतं, तर समोरच्या वकिलानं उलटतपासणीत माझी पार वाट लावली असती. पण हे खरं आहे आणि याला मी स्वतः साक्षीदार आहे.

त्याचं नाव आईच्या जिभेला कधी वळलं नाही, म्हणून आमच्या घरी तो पियानोवाला झाला. भाजीवाला, दूधवाला, तसा पियानोवाला.

त्याला घरी आणलं मामानं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. ती त्याला दादा म्हणायची. संत्र्याच्या बागेतच वाढलेला. रोपाच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा बसवून कलम बांधायचं, यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते करताना तो खाली मान घालून, घशातल्या घशात, जाड्याभरड्या आवाजात गुणगुणत राहायचा. गाणं कुठलं ते देवालाही कळलं नसतं. पुढे तो फळबागांचंच काहीतरी शिकायला अमेरिकेला गेला आणि तिथे संध्याकाळी एका हॉटेलात बशा धुवायचं काम करू लागला. त्याच हॉटेलात हा पियानोवाला वाजवायचा, असं मामा सांगायचा. "मी आत बशा धुवाचो, तो बाहीर वाजवाचा. दोघायकडंही कोनी पाहे नाही." याला मामाच्या शब्दाशिवाय कसलाही पुरावा नाही. आईला पुराव्याची गरज वाटली नाही.

मी शाळेत होते तेव्हा मामा एकदा आला. येताना त्यानं बहिणीसाठी अमेरिकन रेकॉर्ड प्लेयर आणला, आपल्याकडची वीज त्याला झेपावी म्हणून विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणला, आणि त्या एकाच वादकाच्या रेकॉर्ड्सचा गठ्ठा. आईनं साडी तरी आणायची म्हणून तोंड वाकडं केलं. मग त्यानं पहिली रेकॉर्ड लावली. आई देवासाठी वाती वळत बसली होती, ती वळतच राहिली आणि रेकॉर्ड संपल्यावर म्हणाली, "दुसरी बाजू लाव."

मामा परत गेला तो गेलाच. तिकडेच राहिला, तिकडेच वारला, अग्नीही तिकडेच दिला गेला. आईला भावाचं तोंड शेवटचं पाहायला मिळालं नाही. त्याचा आवाज म्हणावा तर तोही कुठे उरला नव्हता. दिवाळीला फोन यायचा आणि दोन्ही बाजूंनी ओरडून तब्येती विचारण्यात संपायचा.

पियानोवाला मात्र राहिला. कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत त्याची हकिगत छापलेली असायची. ती वाचून आईला मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. नदीकाठच्या लहान गावातला मुलगा. आई चर्चमध्ये वाजवायची, तिच्या शेजारी उभं राहून तो शिकला. मोठ्या शहरात आला आणि वर्षानुवर्षं हॉटेलांमध्ये वाजवत राहिला. लोक जेवत होते, बोलत होते, ऐकत कोणी नव्हतं. मग उजव्या हाताला दुखणं झालं आणि तो वाजवायचं सोडून दूध पोचवणारी गाडी चालवू लागला. बायकोनं सारखं मागे लागून त्याला परत पियानोवर बसवलं. त्यानंतरच्या रेकॉर्ड्स सगळ्यात चांगल्या, असं कव्हरवर म्हटलं होतं. वाजवताना तो गुणगुणायचा. रेकॉर्डिंगवाल्यांनी विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, पण तोंड बंद केलं की त्याचे हातच चालेनात. शेवटी त्यांनी हात टेकले, आणि त्याचं गुणगुणणं पियानोच्या खालून प्रत्येक रेकॉर्डवर ऐकू येतं.

"बरोबर हाय त्याचं," आई म्हणाली होती. "हात चालतात तं तोंड चालनारच."

आईला तो आमच्या अर्ध्या नातेवाइकांपेक्षा जास्त ठाऊक होता. एक रेकॉर्ड त्यानं बायको गेल्यानंतरच्या वर्षात केलेली. ती आई सणावाराला लावू द्यायची नाही. "आज नको. आज त्याले रडवू नको," म्हणायची. आणि खरंच, त्या रेकॉर्डवरचं पहिलंच गाणं इतकं जड, इतकं थांबत थांबत यायचं, की माझे वडीलही वर्तमानपत्र खाली ठेवायचे.

वडील अमरावतीचे नावाजलेले वकील. मी त्यांचंच पाहून काळा कोट चढवला. या यंत्राच्या बाबतीत घरातला पहिला आणि शेवटचा निकाल त्यांनीच दिला होता. कोणाकडून तरी मराठी भावगीतांची एक रेकॉर्ड मागून आणली आणि मोठ्या हौसेनं लावली. गोड गळ्याची गायिका, पण यंत्रातून आवाज आला तो सर्दी झालेल्या पुरुषाचा. सगळे गार. वडिलांनी विचार केला आणि सांगितलं, "अमेरिकन यंत्र आहे. त्याला आपली गाणी मानवत नाहीत. यावर अमेरिकन माणूसच लावावा." घरात शिकलेली माणसं कमी नव्हती, पण या निकालावर कोणी अपील केलं नाही. भावगीतं रेडिओवर आणि पियानोवाला यंत्रावर, अशी वाटणी ठरली आणि ती माझं लग्न होऊन गेलं तरी तशीच राहिली.

आईची रोजची रीत अशी: दुपारची झाकपाक झाली की रेकॉर्ड लावायची आणि कापूस घेऊन बसायचं. चिमटीनं कापूस ओढायचा, मांडीवर ठेवायचा, तळहातानं एक ओढ द्यायची, की वात तयार. पियानोवाल्याचा डावा हात खाली ठोका देत असायचा आणि आईचा उजवा हात त्या ठोक्यावर मांडीवरून फिरायचा. तिच्या वाती गल्लीतल्या सगळ्या देवघरांत जायच्या. जॅझवर वळलेल्या वाती अमरावतीच्या देवांना चालतात, हे मी खात्रीनं सांगू शकते.

वडील गेले, आणि मग आई विसरायला लागली. आधी गॅस, मग किल्ली, मग शेजारीण. मी तिला अकोल्याला माझ्याकडे आणलं. यंत्र, ट्रान्सफॉर्मर आणि रेकॉर्ड्सचा गठ्ठा गाडीत तिच्या पायाशीच ठेवावा लागला. आता मी कधी तिची मुलगी असते, कधी नणंद, कधी "त्या वकीलबाई". दिवेलागणीला ती फार अस्वस्थ होते. पिशवी भरते, दाराशी जाऊन उभी राहते आणि घरी सोडा म्हणते. तेव्हा एकच उपाय चालायचा. पियानोवाला लावायचा आणि कापसाचा पुंजका हातात द्यायचा. हात चालू लागले की तिचा चेहरा निवायचा. मग ती जेवायची, झोपायची. डॉक्टर म्हणाले, हात चालू आहेत तोवर चालू राहू द्या, एकदा थांबले की पुन्हा सुरू होणं कठीण.

आणि यंत्र बंद पडलं. जळका वास आला, तबकडी मंदावली, थांबली.

आई त्या संध्याकाळी दारातून हललीच नाही. मी फोनवर तोच वादक शोधला. सगळ्या रेकॉर्ड्स तिथे होत्या. तो माझ्या कॉलेजच्या दिवसांतच वारला, हेही तिथेच वाचलं, आणि ते आईला न सांगायचं लगेच ठरवलं. फोन तिच्या कानाशी धरला. तिनं तो ढकलून दिला. "हा तो नोहे."

मला वाटलं, फोनचा आवाज किरटा, म्हणून असेल. मलाही तो जरा पातळ लागला होता. घाईत असल्यासारखाही लागला. पण आजकाल फोनवर सगळंच घाईत असतं.

नवऱ्यानं यंत्र ताब्यात घेतलं. तो विजेच्या खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक चालू वस्तू उघडून पाहण्याची त्याला खाज. इथे तर खरोखर बंद पडलेली वस्तू मिळाली, म्हणजे दिवाळीच. मूळ मोटर जळाली होती. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहराच्या गल्ल्यांमध्ये हिंडून त्यानं जुन्या टेपरेकॉर्डरची एक मोटर मिळवली आणि जेवणाच्या टेबलावर संसार मांडून बसला. आम्ही तितके दिवस मांडीवर ताटं घेऊन जेवलो. मी एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. पण आई पलीकडे रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेली असायची, पदराचा काठ चोळत. 

यंत्र फिरलं तेव्हा नवऱ्यानं मला हाक मारली ती अशी, जणू स्वतःच त्याला जन्म दिला आहे. आम्ही आईला खुर्चीत बसवलं, मांडीवर कापूस ठेवला. तिनं लगेच चिमूट ओढली, तळहात उचलला आणि वाट पाहू लागली. सुई टेकली.

पियानो वाजला. स्वच्छ, कुठेही थरथर नाही. आईचा तळहात मांडीवर उतरला, मध्येच अडकला, पुन्हा उचलला, पुन्हा अडकला. वात चुरगळली. तिनं यंत्राकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"काहून पयते हा? कोन लागलं याच्या मांगं?"

"आई, हा तोच आहे. तुझा पियानोवाला."

"नाही. माहा माणूस कोठी ठेवला तुमी?"

आता मलाही स्वच्छ ऐकू येत होतं. हा पळतच होता. मी दुसरी रेकॉर्ड लावली, तिसरी लावली. बायको गेल्यानंतरची लावली. ज्या गाण्यापायी वडील वर्तमानपत्र खाली ठेवायचे, ते टुणटुणत, उड्या मारत आलं. मी फोन काढला, तेच गाणं लावून शेजारी धरलं. दोन्ही सारखी. यंत्र बरोबर होतं. चूक असेल तर आमच्या आठवणीत होती.

नवऱ्यानं जळलेल्या मोटरवरची पट्टी पुसून वाचली. वाचली, आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ती मोटर विजेच्या हेलकाव्यांवर फिरणारी होती, टेपरेकॉर्डरच्या मोटरीसारखी स्वतःच्या ठरल्या वेगानं फिरणारी नव्हती. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपल्याकडे पन्नास. मामाचा ट्रान्सफॉर्मर विजेचा जोर कमी करत होता, हेलकावे वाढवणं त्याच्या हातात नव्हतं. म्हणजे यंत्र अमरावतीत आलं त्या दिवसापासून रेकॉर्ड्स सावकाश फिरत होत्या, आणि सावकाश फिरल्यामुळे आवाजही खाली उतरत होता. गायिकेला सर्दी झालेली नव्हती. माझ्या वडिलांचा निकाल चुकला होता, आणि एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही दुसरी भावगीतांची रेकॉर्ड लावून बघावी असं सुचलं नव्हतं.

मला हसू आलं नाही. माझं बालपण ज्यावर गेलं तो धिम्या चालीचा, जड मनाचा माणूस कधी नव्हताच, हे पचायला मला अवघड जात होतं. खरा वादक चपळ होता, खोडकर होता. बायको गेल्याच्या वर्षात तो नाचायची गाणी वाजवत होता. त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा. दुःखात माणसानं कसं वाजवावं हे अमरावतीत बसून आम्ही कोण ठरवणार?

पण आईला हे कसं सांगायचं? मी सांगून पाहिलं. वकिलाची सवयच ती. फोन दाखवला, कव्हर दाखवलं, त्याच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा बघ, हाच वाजवतोय. खरा असाच वाजवायचा." आवाज चढला माझा. आईनं फोटो पाहिला आणि समजूतदारपणे मान हलवली, आपण परक्या घरी पाहुणे असल्यावर हलवतो तशी. कापसाचा पुंजका उचलून तिनं माझ्या हातात परत दिला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नवऱ्याला म्हटलं, "बिघडव ते."

"काय?"

"यंत्र. पूर्वी होतं तसं बिघडव."

त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून एखादी वस्तू अगदी बरोबर दुरुस्त झाली होती, आणि बायको ती बिघडवायला सांगत होती. पण भला माणूस आहे. मोटरीच्या मागे वेग कमी-जास्त करायचा एक बारीक स्क्रू आहे, तो पिळला की काम होईल, म्हणाला. हिशेब करून बरोबर जागा काढतो म्हणून कागद-पेन्सिल आणायला निघाला. मी त्याला थांबवलं. "हिशेब राहू दे. तिलाच विचार."

आईला पुन्हा खुर्चीत बसवलं. कापूस मांडीवर ठेवला, पण तिनं त्याला हात लावला नाही. नवरा टेबलाखाली पालथा पडून, हातात पेचकस घेऊन तयार. मी सुई टेकवली.

"आई, आता?" नवऱ्यानं खालून विचारलं.

"पयते, जावईबुवा."

त्यानं स्क्रू फिरवला. पियानो किंचित जड झाला.

"आता?"

"अजून पयते. थांबवा त्याले."

पुन्हा फिरवला. आता ते ओळखीचं वाटू लागलं. मला वाटलं, झालं. आईनं मान हलवली. नवऱ्यानं जरा जास्त पिळला, तर सूर एकदम लडखडले. "थकवलं व माय त्याले," आई कळवळून म्हणाली. जी बाई सकाळी काय खाल्लं ते सांगू शकत नव्हती, ती आम्हाला केसाइतकं इकडे नाही, केसाइतकं तिकडे नाही असं धरून बसली होती. नवऱ्यानं थोडा उलटा फिरवला. डावा हात खालून ठोका देऊ लागला, संथ, कुठेही जायचं नसल्यासारखा. आईनं एक बोट वर केलं.

"हं."

 तेवढ्यात गाण्यात ती जागा आली, जिथे पियानो बारीक होतो आणि त्या माणसाचं गुणगुणणं वर येतं. काल बरोबर वेगात ऐकलं तेव्हा ते पातळ, नाकातलं, कुठल्याशा परक्या माणसाचं होतं. आज ते खाली उतरलं होतं. जाडंभरडं, घशातल्या घशात, खाली मान घालून काहीतरी बांधत बसलेल्या माणसाचं.

आईचे डोळे भरले. चेहरा मात्र हसत होता.

"आला," ती म्हणाली. "दादा आला."

मी तिच्याजवळ खाली बसले. इतकी वर्षं मी कव्हरवरची हकिगत वाचून दाखवत होते, आणि आई मान डोलावत होती, आणि मला वाटत होतं ती पियानो ऐकते. ती भावाला ऐकत होती. ज्या भावाचं तोंड तिला शेवटचं दिसलं नाही, तो रोज दुपारी झाकपाक झाल्यावर तिच्याजवळ येऊन बसत होता. वडील हसले असते म्हणून, किंवा सांगण्यासारखं काही आहे असंच तिला वाटलं नाही म्हणून, ती कोणाला कधी बोलली नव्हती. मामालाही ते माहीत नव्हतं आणि त्या पियानोवाल्याला तर नव्हतंच नव्हतं. अमरावतीची वीज जरा कमी हेलकावे घेते, एवढ्यानं हे झालं होतं. मला त्या क्षणी माझ्या आईची फार माया आली.

तिनं कापूस घेतला. चिमूट ओढली, मांडीवर ठेवली आणि ठोका आला तसा तळहात फिरवला. वात झाली. बारीक, सरळ, नेहमीसारखी. मग दुसरी. नवरा टेबलाखालून बाहेर येईना. डोळे पुसत असावा, विचारलं तर धूळ गेली म्हणाला.

"सकायपासून बगीच्यात डोये बांधून राहिला तो," आई मला म्हणाली. "भूक लागली असन त्याले. दोन पोया जास्त टाक व."

रेकॉर्ड संपली. सुई मधल्या रिकाम्या जागेत फिरत राहिली. आईनं हातातली वात पुरी केली, बाकीच्या वातींशेजारी नीट ठेवली आणि यंत्राकडे पाहून म्हणाली, "दादा, जेवून जाजो."

मी उठले आणि दोन पोळ्या जास्त लाटल्या.